तीनपर्यंत मोजू नका

परवा स्टाफरूममध्ये एक नवीन सहकारी शेजारी येऊन बसली. घसा पार बसलेला. म्हणाली, "मॅडम, सातवी ब ओरडल्याशिवाय ऐकतच नाही. आणि आता तर ओरडूनही ऐकत नाही." मला हसू आलं, कारण नोकरीची पहिली काही वर्षं मीही घसा बसवूनच काढली आहेत. तिला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहिते. लहान वर्गांच्या शिक्षकांना यातलं सगळं पटणार नाही. सहावी ते आठवी हे प्रकरणच वेगळं आहे.

आधी माझी फजिती. तास चालू असताना एक मुलगा सारखा मागे वळून बोलत होता. मी म्हटलं, उभा राहा. तो बसलेलाच. माझा पारा चढला. "तीन मोजेपर्यंत उठला नाहीस तर वर्गाबाहेर!" एक. दोन. मग मी चक्क "अडीच" म्हटलं आणि वर्ग फिसकन हसला. तीन झाले तरी गडी ढिम्म. शेवटी बाहेर काढला, तर दारातून मित्रांकडे बघत विजयी वीरासारखा गेला. उरलेला तास मी अपूर्णांक शिकवत होते आणि वर्ग दाराकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो जिन्यात एकटा सापडला. विचारलं, "काल उठला का नाहीस रे?" म्हणाला, "उठणारच होतो मॅडम. पण तुम्ही मोजायला लागलात. मग कसा उठणार?"

बी.एड.च्या सगळ्या पेपरांत मिळून मला जे कळलं नव्हतं, ते त्या एका वाक्यात कळलं. या वयातल्या मुलाला चारचौघांत बोललात, की त्याच्यासमोर दोनच रस्ते उरतात: तुमचं ऐकायचं किंवा दोस्तांसमोर पत राखायची. तो काय निवडणार हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं, तरी मोजत बसले.

2005 मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 306 जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ, कधी एकट्याने, कधी सोबत्यांच्या देखत. सोबती बघत असले की 13 ते 16 वयाची मुलं प्रौढांपेक्षा कितीतरी अधिक धोका पत्करत. आपली मुलं याहून थोडी लहान, पण वारा तोच लागलेला असतो. जिन्यात एकटा असलेला मुलगा आणि चाळीस जणांसमोरचा तोच मुलगा, हे दोन वेगळे मुलगे समजून वागावं, असं माझं मत झालं आहे.

म्हणून माझा पहिला नियम: बोलायचं ते हळू, जवळ जाऊन आणि थोडक्यात. शिकवणं न थांबवता बाकापर्यंत चालत जायचं, उघड्या वहीवर बोट ठेवायचं, "इथून" एवढंच म्हणायचं आणि पुढे निघून जायचं. हे निघून जाणं फार महत्त्वाचं. डोक्यावर उभं राहून "लिही, आत्ता लिही" म्हटलं की पुन्हा मोजणी सुरू. पाठ फिरवली की तो स्वतःच्या मर्जीने पेन उचलल्यासारखा उचलतो. उचलू दे की! आपल्याला गणित सुटण्याशी मतलब.

कौतुकाचंही तेच, आणि इथे अनेकांचं माझ्याशी पटत नाही. "बघा, ही किती शांत बसली आहे!" हे पहिलीत चालतं. सातवीत तुम्ही त्या मुलीचा मधल्या सुट्टीपर्यंतचा दिवस बरबाद केलात. तिच्या वहीत दोन ओळी लिहा किंवा जाता जाता सांगा. अगदी आडदांड मुलंही त्या दोन ओळी गुपचूप पुन्हा पुन्हा वाचतात, मी बघितलं आहे.

आता "रागवायचं कसं" हा मुळात किती मोठा प्रश्न आहे, तेही सांगते. जेकब कौनिन नावाचे मानसशास्त्रज्ञ कॉलेजात शिकवत असताना वर्गात पेपर वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला रागावले. त्यांच्या लक्षात आलं, की बोलणी खाल्ली एकाने आणि सावरून बसले सगळे. त्या कुतूहलातून त्यांनी पुढे खऱ्या वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला, तो 1970 मध्ये पुस्तकरूपाने आला. निष्कर्ष गमतीचा निघाला. ज्यांचे वर्ग छान चालतात आणि ज्यांचे कोलमडतात, त्यांच्या रागावण्याच्या पद्धतीत म्हणावा असा फरकच नव्हता. फरक होता तो गडबड व्हायच्या आधीच्या गोष्टींत. शिक्षकाला पाठीला डोळे आहेत असं मुलांना वाटतं का, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना तास अडखळतो का, यांत.

अडखळणं म्हणजे काय, तर हे बघा. "भूगोल मिटा, विज्ञान काढा." मुलं काढतात. "अरे हो, नकाशा कोणाकोणाचा राहिलाय?" पुन्हा भूगोल. "बरं, ते उद्या बघू. पान किती सांगितलं मी?" या दीड मिनिटात मागच्या बाकावर एक कंपास उडालेला असतो, आणि आपण म्हणतो वर्ग वांड आहे. वर्ग वांड नाही हो, रिकामा आहे.

ही रिकामी मिनिटं भरणं हेच माझ्या लेखी निम्मं काम. मुलं आत यायच्या आधी फळ्यावर एक छोटं काम लिहिलेलं असतं, मी दारात उभी असते, आणि हजेरी ते काम चालू असताना होते. एका वेळी एकच सूचना द्यायची आणि ती शांततेतच द्यायची. शांतता नसेल तर थांबायचं. सुरुवातीला ते थांबणं युगासारखं वाटतं. प्रश्न विचारल्यावरही तसंच. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी 1970च्या दशकात दाखवलं, की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. शिस्तीसाठी टोकण्याची वेळसुद्धा कमी येते.

मॉनिटरने फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची पद्धत मी बंद केली. त्यातून फक्त मॉनिटरचे शत्रू तयार होतात. आणि दोघांच्या गोंधळासाठी अख्ख्या वर्गाला शिक्षा? ती केलीत की उरलेले अडतीस जण त्या दोघांच्या बाजूला गेलेच म्हणून समजा. बक्षिसाचे तारे-बिरे आठवीत विनोदाचा विषय होतात, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आणि मुख्याध्यापकांनो, व्हरांड्यातून जाताना वर्ग चिडीचूप दिसला म्हणून शिक्षक चांगला, हा हिशेब सोडा. गटात वाद घालणारी मुलं आवाज करणारच. साठ मुलं एका खोलीत कोंबून, वर रोज गैरहजर शिक्षकाचा एक ऑफ तास गळ्यात मारून, "वर्ग सांभाळता येत नाही" हे शिक्षकालाच ऐकवणं तर अन्यायच. काही मुलांचं वागणं तर घरातून, झोपेतून, भीतीतून येतं. तिथे माझं वहीवर बोट ठेवणं तोकडं पडतं, तिथे समुपदेशक लागतो.

त्या मुलाची मी माफी मागितली. जिन्यात नाही, वर्गात, कारण अपमान वर्गात केला होता. "काल मी मोजायला नको होतं," एवढंच म्हटलं. तो मान खाली घालून वहीत काहीतरी गिरवत राहिला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "अडीच." सगळा वर्ग हसला. त्यात तो होता, आणि मीही.