जॅकेटपेक्षा घोट्यावरची पट्टी बरी

रात्री सायकलवर भडक पिवळं जॅकेट घाला, असं सायकलस्वारांसाठीच्या एका लेखात वाचलं. दिवसा ठीक आहे हो, पण असा भडक, म्हणजे फ्लुरोसंट रंग झळकतो तो उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. अंधार पडला की त्याचा तोरा उतरतो. रात्री कामाला येतात त्या रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे गाडीचा झोत पडला की तो परत फेकणाऱ्या पट्ट्या, आणि त्याही पाठीपेक्षा घोट्यांवर. पेडलबरोबर खालीवर होणारे दोन ठिपके दिसले की मागच्या गाडीवाल्याला चटकन कळतं, पुढे सायकलवाला आहे. अर्थात गल्लीतून आडव्या येणाऱ्याचा झोत आपल्यावर पडेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून दिवे हवेतच. पुढचा जरा खाली झुकवा, समोरच्याचे डोळे दिपवून काय मिळणार? आणि मागचा लाल दिवा लावून एकदा मागे जाऊन बघाच. कॅरिअरवरच्या पिशवीआड तो हमखास लपतो.