लिफ्ट बसली की पंपच गेला?

बागायतदारांच्या ग्रुपमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: "छोट्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलत नसेल किंवा उचललेलं अवजार खाली बसत असेल, तर हायड्रोलिक पंप गेला. नवा टाका. तोवर 90 नंबरचं ऑइल मिसळा आणि रिलीफ व्हॉल्व्ह दोन आटे आवळा." लिफ्ट म्हणजे ट्रॅक्टरमागचं अवजार तेलाच्या दाबाने उचलणारी यंत्रणा, आणि रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे दाब फार वाढला की तेल सोडून देणारी झडप. इतक्यात चार गोष्टी सांगून टाकल्यात. त्यातली एक अर्धी खरी आहे, ती पुढे येईल.

आधी खाली बसण्याचं बघू. इंजिन बंद केलं की पंप फिरायचाच थांबतो. तरी चांगल्या लिफ्टवर रोटाव्हेटर लटकून राहतो, कारण सिलिंडरमधलं तेल व्हॉल्व्हने कोंडून धरलेलं असतं. तो खाली येतोय म्हणजे हे कोंडलेलं तेल निसटतंय: पिस्टनच्या ओरिंगवरून (तेल अडवणारी रबरी कडी), कंट्रोल व्हॉल्व्हमधून, नाहीतर सिलिंडरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून. बंद पडलेल्या पंपाचा यात काय दोष?

माझ्या ट्रॅक्टरवर हे चालू इंजिनवरच दिसायचं. रोटाव्हेटर दर चार-पाच सेकंदांनी दोन बोटं खाली यायचा आणि झटक्यात वर जायचा, कीर्तनात पेंगणाऱ्याची मान जाते तसा. ज्याला दाखवावं तो पंपाचंच नाव घ्यायचा. अहो, पण दर वेळी त्याला परत वर उचलतंय कोण? पंपच ना! शेवटी लिफ्टचं कव्हर उतरवून पिस्टन काढला. ओरिंग एका बाजूने चपटी झालेली आणि तिला नख अडकेल एवढी चीर. ओरिंग बदलली. पंप आजही तोच आहे.

घरी तपासायचं असेल तर अवजार पूर्ण उचलून इंजिन बंद करा, लोअर लिंकच्या (अवजार जोडायच्या खालच्या दांड्यांच्या) टोकाची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. बोटभर फरकाने घाबरू नका. डोळ्यांदेखत टेकत असेल तर गळती मोठी आहे. उचललेल्या अवजाराखाली कोणी हात घालायचा नाही.

लिफ्ट अजिबातच उचलत नसेल तर पंपावर संशय घेता येतो, पण तो शेवटी. ट्रॉलीच्या जॅकला तेल देणारा नॉब तिकडेच वळवलेला राहिला की लिफ्ट ढिम्म हलत नाही. जॅक उचलतोय आणि लिफ्ट उचलत नाही, तर पंप ठीक आहे, पुढे बघा. ट्रॉली वर ठेवून तेल कमी दिसलं म्हणूनही गोंधळ होतो, कारण ते तेल जॅकमध्ये जाऊन बसलेलं असतं. मग सक्शनची जाळी, म्हणजे पंप तेल ओढतो तिथली गाळणी. ती चोंदली की पंप कण्हल्यासारखा आवाज करतो. तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय, फेसाळ असेल तर हवा.

आता ती अर्धी खरी गोष्ट, म्हणजे 90 नंबरचं जाड ऑइल. जाड तेलाने गळती मंदावते, चार दिवस बरं वाटतं. पण थंडीतल्या पहाटे तेच तेल जाळीतून ओढताना पंपाची उपासमार होते आणि चांगला पंपही खराब होतो. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत गिअर आणि लिफ्टचं तेल एकच असतं. त्यातच ब्रेक बुडालेले असतील तर त्यांच्यावरही परिणाम होतो. पुस्तिकेत लिहिलंय तेच तेल घाला.

दाब मोजणारं गेज लावल्याशिवाय रिलीफ व्हॉल्व्हला हात लावू नका. आवळल्याने ओरिंगची चीर बुजत नाही, उलट वाढलेला दाब पंपाला आणि होजला सोसावा लागतो. शिवाय लिफ्टची क्षमता 750 किलो लिहिलेली असते ती बहुधा लिंकच्या टोकाशी मोजलेली. 400 लिटरची फवारणीची टाकी भरली की नुसत्या पाण्याचे 400 किलो, वर टाकी-ब्लोअरचं लोखंड, आणि हे सगळं लिंकच्याही मागे लोंबकळणारं. तिथे लिफ्ट कुरकुरली तर आधी टाकी अर्धी भरून बघा.