कोकमाच्या त्या मेसेजबद्दल

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्याच्या त्याच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल कॅन्सरच्या प्रथिनाला केमोच्या औषधापेक्षा घट्ट पकडतं, हे सुपरकॉम्प्युटरने सिद्ध केलंय. रोज सकाळी अर्धी वाटी आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, प्या. झाडाचं असल्यामुळे साइड इफेक्ट शून्य. औषध कंपन्या हे मुद्दाम दाबून ठेवतात. खाली हात जोडलेले चार इमोजी आणि एक फोन नंबर.

मी फार्मसी कॉलेजात शिकवतो. मेसेजवाले ज्याला सुपरकॉम्प्युटर म्हणतायत ते काम, म्हणजे डॉकिंग (एखादा रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल याचा संगणकावर काढलेला अंदाज), आमची मुलं दर वर्षी प्रोजेक्टसाठी करतात. तरी मी गप्प होतो. कुठे कुणाच्या नादी लागा! मग कुडाळहून काकीचा फोन आला, बीपी चढलंय म्हणून. तिला कॅन्सर नाही. पण आधीपासून घेतलेलं बरं, म्हणून बाई महिनाभर अर्धी वाटी आगळ पीत होती. मी चिडलो तर म्हणते, "कॉम्प्युटर काय खोटा सांगतलो रे?"

खोटं सांगत नाही. पण तो काय सांगतो ते तरी बघूया.

"सुपरकॉम्प्युटरने सिद्ध." हे आमच्या लॅबमधल्या जुनाट लॅपटॉपवर होतं. प्रोटीन डेटा बँकेतून प्रथिनाची रचना फुकट उतरवून घ्यायची, तिच्यातले पाण्याचे रेणू काढून टाकायचे, ज्या खाचेत औषध बसावं अशी अपेक्षा आहे तिच्याभोवती चौकट आखायची, गार्सिनॉलचा रेणू द्यायचा आणि ऑटोडॉक व्हिना हा डॉकिंगचा प्रोग्राम चालवायचा. चहा पिऊन येईपर्यंत पडद्यावर नऊ ओळी येतात. रेणू त्या खाचेत कसकसा बसू शकेल याचे ते नऊ प्रकार, आणि प्रत्येकासमोर एक उणे आकडा. आकडा जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट, असा अंदाज. या हिशेबात प्रथिन जवळपास दगडासारखं स्थिर धरलेलं असतं. शरीरातलं प्रथिन सतत हलत-वळत असतं. रेणू आतड्यातून रक्तात जाईल का, यकृत त्याचं काय करेल, पेशीत शिरेल का, हे प्रश्न तर आपण प्रोग्रामला विचारलेलेच नाहीत.

शिवाय या प्रोग्रामला "नाही" म्हणता येत नाही. काहीही द्या, कुठेतरी बसवून आकडा देणारच. एका वर्षी मी मुलांच्या यादीत गुपचूप कोलेस्टेरॉल घुसवलं. ते वरच्या पाचांत आलं, आणि एका गटाने त्याच्या औषधी गुणांवर अर्धं पान लिहूनही आणलं. रेणू मोठा आणि तेलकट असला की खाचेच्या भिंतींना जास्त ठिकाणी टेकतो, आणि आकडा आपसूक चांगला दिसतो. गार्सिनॉल त्याच जातीचं आहे. त्याचा रेणुभार 602 च्या आसपास. तोंडावाटे घ्यायच्या औषधांसाठी लिपिन्स्की या औषध-संशोधकांनी 1997 साली जो ढोबळ नियम घालून दिला, त्यात मर्यादा 500 ची आहे.

"केमोच्या औषधापेक्षा घट्ट." मेसेजमध्ये गार्सिनॉलसमोर उणे 9.1 आणि केमोच्या औषधासमोर उणे 8.3 असे आकडे आहेत. पकडीची ऊर्जा इथे किलोकॅलरींत मोजतात; फरक 0.8 किलोकॅलरींचा. या पद्धतीची स्वतःची चूकच दोन-अडीच किलोकॅलरींची असते, म्हणजे पकडीच्या भाषेत पंचवीस-पन्नास पट इकडे किंवा तिकडे. रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, पोती तोलायच्या काट्यावर मंगळसूत्र तोलण्यातला प्रकार.

इथे एक कबुली द्यायला हवी. गार्सिनॉल थोतांड नाही. ते एन्झाइमांच्या एका गटाला, हिस्टोन अॅसिटिलट्रान्सफरेजना, अडवतं हे 2004 साली बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या संशोधकांनी दाखवलं. पण ते परीक्षानळीत आणि पेशींवर, प्रत्यक्ष प्रयोग करून. आणि डॉकिंगही टाकाऊ नाही. चेन्नईच्या गणित संस्थेच्या इम्पॅट या संग्रहात भारतीय औषधी वनस्पतींमधल्या जवळपास 18 हजार रसायनांची नोंद आहे. एवढी सगळी कोण गाळत, उकळत बसणार? त्यांतली आधी कुठली पन्नास तपासायची हे ठरवायला संगणक लागतोच. मेसेजवाल्याने ती पन्नासांची यादी बघून निकाल लावून टाकला.

"अर्धी वाटी आगळ." याचा मला सगळ्यात राग आहे. गार्सिनॉल पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. ते तेलात, सालीच्या गाभ्यात राहणारं. आगळात येतो तो आंबटपणा आणि लाल रंग. आणि काय येतं? मीठ. खळ्यात रातांबे फोडायला बसलेल्या कुणालाही विचारा, आगळ टिकावं म्हणून त्यात किती मूठ मीठ जातं ते. सोलकढीत ते दोन चमचे पडतं म्हणून चालतं. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या बाईने रोज अर्धी वाटी प्यायल्यावर दुसरं काय होणार होतं?

"झाडाचं, म्हणून साइड इफेक्ट नाही" आणि "कंपन्या दाबून ठेवतात" या दोन्हींचं उत्तर आपल्याच सह्याद्रीत उभं आहे: नरक्या नावाचं झाड. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन असतं, कॅन्सरच्या पेशी मारणारा रेणू. हा रेणू मुळात एका चिनी झाडातून 1966 साली मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत वेगळा केला. वाणींचा जन्म आपल्या नंदुरबारचा. 1972 साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तोच रेणू नरक्यात असल्याचं दाखवलं. तोवर तिकडे रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या आणि त्या थांबवाव्या लागल्या: रक्तपेशी घटत होत्या, लघवीतून रक्त जात होतं. सगळं झाडाचंच! तो नेमका कुठल्या एन्झाइमवर काम करतो हे कळायला 1985 उजाडलं. मग रेणूत फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं बनली, त्यांना 1996 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. तीस वर्षं. आजही इरिनोटेकान घेणाऱ्याला जुलाबांनी हैराण व्हावं लागतं. आणि कंपन्यांनी हे दाबलं का? त्यांना हा माल इतका हवा आहे, की नरक्याच्या चोरट्या तोडीपायी वनखात्याला गाड्या अडवाव्या लागतात.

राहिला तो फोन नंबर. तो कोकम कॅप्सूल मागवायचा आहे. त्यात म्हणे हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल आहे, वजनही उतरतं. कोकमाच्या भावकीतल्या गार्सिनिया कॅम्बोजियापासून काढलेलं हेच आम्ल 1998 साली अमेरिकेत 135 माणसांच्या चाचणीत बारा आठवडे तपासलं गेलं. काहींना खरी कॅप्सूल, काहींना नुसती दाखवायची, पथ्य सगळ्यांना सारखंच. वजन दोन्हीकडे उतरलं, पण कॅप्सूलचा म्हणून वेगळा फायदा दिसला नाही.

काकीने डबी मागवलेली आहे, पैसे घरी आल्यावर द्यायचे. माणूस दारात आला की घेऊ नको, परत पाठव, असं मी सांगून ठेवलंय. ती हो म्हणालीय, पण आवाजावरून मला खात्री नाही.