पासपोर्ट विकत मिळत नाही, दादा

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर माझ्या आतेभावाने एक बातमी टाकली. बातमी तशी जुनीच, २०२२ साली २ लाख २५ हजार ६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, सरकारने संसदेत सांगितलेला आकडा. खाली त्याने लिहिलं, "देशाच्या पैशावर शिकायचं आणि पळून जायचं, असल्यांना परत पाय ठेवू देऊ नये." त्याला पटापट आठ अंगठे आले, त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा. मी गप्प बसलो. आणि दहाच दिवसांनी त्याच दादाने मला पर्सनलवर एक जाहिरात पाठवली, पुण्यात कुठल्याशा हॉटेलात सेमिनार, "ग्रीसमध्ये घर घ्या, युरोपचा पासपोर्ट मिळवा", आणि विचारतो, तू तिथे आहेस तर बघ ना हे खरं आहे का, पोरासाठी विचार करतोय.

तेव्हा जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. कामावर वेल्डिंगचं चेकिंग करताना पण मनात त्याला उत्तर देत असतो. मग म्हटलं लिहूनच काढू.

दादा, घर घेऊन पासपोर्ट मिळत नाही. मिळतो तो गोल्डन व्हिसा, म्हणजे पाच वर्षांचा राहण्याचा परवाना, घर तुझ्याकडे असेपर्यंत रिन्यू होणारा. २०१३ साली इथे ग्रीसमध्ये सगळं बुडालेलं होतं तेव्हा सरकारने तो काढला, अडीच लाख युरोचं घर घ्या आणि परवाना न्या. मग अथेन्समधली घरं इथल्याच पोरांना परवडेनाशी झाली, बोंब झाली, आणि २०२४ मध्ये अथेन्स, थेस्सालोनिकी, मिकोनोस, सांतोरिनी असल्या ठिकाणी तो आकडा ८ लाख केला आणि बाकी बऱ्याच भागात ४ लाख. त्या परवान्यावर तू इथे नोकरी पण करू शकत नाहीस. आणि नागरिकत्व हवं असेल तर त्या घरमालकाला पण माझ्याच रांगेत उभं राहावं लागतं, सात वर्षं खरोखर इथे राहून, टॅक्स भरून, परीक्षा देऊन. हे त्या सेमिनारमध्ये बारीक अक्षरात तरी असेल की नाही कोण जाणे.

माझ्याकडे घर नव्हतं. मी २००९ च्या फेब्रुवारीत आलो, अथेन्सजवळच्या पेरामाच्या जहाजदुरुस्तीत फिटर म्हणून, चिपळूणच्या पोराला बोटीचं पोट आतून ओळखीचं होतं तेवढ्या भांडवलावर. वर्षभरात मंदी आली. यार्डं ओस पडली, आज काम आहे उद्या नाही, आणि परवाना रिन्यू करायला एन्सिमा, म्हणजे कामगार विम्याचे हप्ते, लागायचे, ते भरायला काम लागायचं. काही महिने असे गेले की मी लाइकी, म्हणजे रस्त्यावरचा आठवडी बाजार, उठताना जायचो, दुपारी अडीचनंतर, तेव्हा भाजी निम्म्या भावात मिळते. हे मी घरी कधी सांगितलेलं नाही. फोनवर मी कायम "मस्त चाललंय" म्हणायचो.

आता परीक्षेचं. आधी इथे नुसती मुलाखत असायची, कमिटीसमोर बसायचं, समोरचा काय विचारेल ते नशीब. २०२० च्या कायद्याने ते बदललं आणि २०२१ पासून सगळ्या देशात एकाच दिवशी लेखी परीक्षा होते. भाषा, इतिहास, भूगोल, संस्कृती, राज्यकारभार. संसदेत खासदार किती, तर ३००. २५ मार्च कशाबद्दल, २८ ऑक्टोबर कशाबद्दल, १९२२ ला तुर्कस्तानातल्या स्मिर्नात काय झालं, कापोदिस्त्रियास कोण. प्रश्नपेढी जाहीर असते, पाठांतर आपल्याला शिकवावं लागत नाही. मी अडकलो शुद्धलेखनात. बोलताना मी यार्डातल्या कुणाहीसारखं बोलतो, शिव्यांसकट, पण लिहायला बसलो की संपलं. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचे दोन ई आहेत त्यातच अर्धा महाराष्ट्र नापास होतो, इथे एकाच ईच्या आवाजाला पाच तऱ्हा आहेत आणि कुठल्या शब्दात कुठली ते फक्त पाठ करायचं. पहिल्या खेपेला नापास झालो. दुसऱ्या खेपेला माझी मुलगी शिकवायला बसली, तेव्हा ती दुसरीत होती, लाल पेनने माझं प्रत्येक अक्षर तपासायची आणि खाली तिच्या बाईंसारखं "ब्रावो" लिहायची. २०२२ च्या नोव्हेंबरला पास झालो. मग अर्ज, अर्जाचं परावोलो, म्हणजे सरकारी फी, ५५० युरो, उत्पन्नाचे कागद, पोलिसांचा कागद, जन्मदाखल्यावर आपोस्तिल, म्हणजे परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का, आणि मग फाइल पडून राहिली ती राहिलीच.

हे सगळं मी दादाला फुशारकीने सांगणार होतो. कारण हाच दादा दुसरीकडे पोस्ट टाकतो, महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलंच पाहिजे. मला ते शंभर टक्के पटतं, मी त्यात कुणाचं ऐकून घेणार नाही. आपल्याकडे पंधरा वर्षं राहिल्याचे पुरावे दिले की डोमिसाइल हातात, एक वाक्य मराठी आलं नाही तरी चालतं. इथे बघा, भाषा नाही तर नागरिकत्व नाही, आणि त्याला कुणी संकुचित म्हणत नाही. असं छान लिहून झालं होतं माझं. पाठवणारच होतो.

पण एक गोष्ट आठवली आणि थांबलो. २००८ च्या ऑक्टोबरात मुंबईत रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या पोरांना केंद्राबाहेर मारलं होतं. मी तेव्हा चिपळूणला होतो, व्हिसाची वाट बघत, आणि टीव्हीसमोर बसून मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, मी टाळी दिली होती, याच दादाला. मी स्वतः चार महिन्यांनी दुसऱ्याच्या देशात काम मागायला निघालो होतो आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात पण आलं नाही.

मग २०१२ आलं. गोल्डन डॉन हा परक्यांचा द्वेष करणारा नाझी छापाचा पक्ष तेव्हा संसदेत १८ जागा घेऊन बसला. जूनमध्ये पेरामालाच रात्री इजिप्तच्या मासेमारांच्या घरावर हल्ला झाला, झोपलेल्या माणसाला लोखंडी रॉडने मारलं, आणि मी तिथून चालत वीस मिनिटांवर राहत होतो. त्या उन्हाळ्यात आम्ही बाहेरची पोरं शिफ्ट संपली की चौघं मिळूनच बसस्टॉपवर जायचो. पुढे २०२० मध्ये कोर्टाने त्या पक्षाला गुन्हेगारी टोळी ठरवलं, न्यायालयाबाहेर हजारो लोक जमले होते, मी पण होतो. पण त्या बसस्टॉपवर उभं असताना मला मुंबईची ती पोरं आठवली होती का? नाही. ती आठवली थेट परीक्षेच्या दिवशी, मी केंद्राच्या गेटवर हॉलतिकीट आणि पाण्याची बाटली घेऊन उभा होतो, सोबत अल्बेनियन बायका, दोन फिलिपिनो, एक म्हातारा सीरियन, आणि पोलीसवाला आम्हाला "काली एपितिखिया" म्हणाला. यश चिंतितो. परीक्षेला आलेल्या परक्या माणसाला गेटवर एवढंच म्हणायचं असतं. मराठी आलंच पाहिजे हे मी अजूनही म्हणतो, दादा, पण त्याच्या आधी शिकायला यायची वाट मोकळी पाहिजे.

आणि या परीक्षेचं मी जेवढं कौतुक केलं तेवढं ते पुरतं खरं नाही. मॅरेथॉनला, हो, पळण्याच्या शर्यतीचं नाव जिथून आलं तिथेच, शेतात आपली पंजाबी माणसं वीस-वीस वर्षं कांदापात आणि कोथिंबीर काढतायत. अथेन्सच्या ताटातली निम्मी पालेभाजी त्यांच्या हातची असेल. मालकाशी, बँकेत, डॉक्टरकडे अस्खलित ग्रीक बोलतात. गावी चौथीपर्यंत शाळा झालेल्या माणसाने पन्नाशीत ग्रीकमध्ये निबंध कसा लिहायचा? एकाने मला विचारलं, तू त्या पुस्तकातलं वाचलंस म्हणून तू ग्रीक, आणि मी या मातीत कंबर मोडली तर मी कोण? मला उत्तर देता आलं नाही. उलट मेलबर्नला जन्मलेला, ग्रीकचा गंध नसलेला नातू आजोबांचा दाखला शोधून दिमोतोलोयिओत, म्हणजे नगरपालिकेच्या नागरिक नोंदवहीत, नाव घालतो की झाला ग्रीक. आपल्या गोव्यातही तेच आहे की, १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे जन्मलेल्यांची मुलं लिस्बनला नोंद करून पोर्तुगीज होतात, भाषा विचारत नाही कुणी.

रक्त लागतंच सगळ्यांना. बास्केटबॉलवाला यानिस आदेतोकुंबो अथेन्सच्या सेपोलियात लहानाचा मोठा झाला, जन्म इथला १९९४ चा, आईबाप नायजेरियाचे, आणि अठरा वर्षं त्याच्याकडे कुठल्याच देशाचा कागद नव्हता. २०१३ च्या मे महिन्यात त्याला नागरिकत्व दिलं, जूनमध्ये अमेरिकेत एनबीएचा ड्राफ्ट होता म्हणून. आता चौकाचौकात भिंतींवर त्याची चित्रं आहेत. जो उंच नाही, बास्केटबॉल खेळत नाही, त्या पोराचं काय? २०१५ च्या कायद्याने तेवढं एक चांगलं केलं, इथे जन्मलेलं मूल पहिलीत गेलं आणि आईबाप पुरेशी वर्षं कायदेशीर राहिलेले असले की अर्ज करता येतो. माझी मुलगी अशीच ग्रीक झाली, बापाच्या आधी.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो. मला नागरिकत्व देण्याचा निर्णय फेकमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी राजपत्रात, छापून आला. नऊ महिने झाले. छापून आल्यापासून वर्षाच्या आत शपथ घ्यावी लागते, नाही घेतली तर सगळं रद्द. आणि मी अजून गेलेलो नाही. घरी भावाला माहीत नाही, ग्रुपवर कुणालाच माहीत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सरळ आहे, स्वखुशीने दुसऱ्या देशाचं घेतलंत की भारताचं संपलं. ग्रीसला दोन्ही चालतात, आपल्याला चालत नाहीत. मग ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटीझन ऑफ इंडिया, कार्ड घ्यायचं, त्यावर मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. नावात सिटीझन आहे तेवढंच.

मत तसं आता पण नाहीच म्हणा. भारतात मतदानाला स्वतः जाऊन उभं राहावं लागतं, निवडणुकीला सुट्टी कोण देणार. इथे आमच्यासारख्या युरोपबाहेरच्यांना मत नाही, साध्या नगरपालिकेला पण नाही. म्हणजे सतरा वर्षं मी जगातल्या कुठल्याच माणसाला निवडून दिलेलं नाही. लोकशाहीवर ग्रुपमध्ये एवढं भांडतो आणि बोटाला शाई लागून किती वर्षं झाली ते मोजत नाही.

बायको म्हणते तू घे, मी नाही घेणार, घरात एक तरी भारतीय राहू दे.

आमच्या घरमालकीणबाई निकेयाच्या, जुनं नाव कोक्किनिया, ऐंशीच्या पुढच्या. त्यांची आई १९२२ च्या आगीतून स्मिर्नाहून बोटीने आली, याच कोक्किनियाच्या निर्वासित वस्तीत वाढली. आई ख्रिश्चन, बोली ग्रीक, तरी इथले तिला तुर्काचं बी म्हणायचे. बाई मला म्हणाल्या, पन्नास वर्षं लागली आम्हाला इथलं व्हायला, तुला घाई कसली. मग कुलुरीची बशी पुढे सरकवून म्हणाल्या, पण शपथ वेळेत घे, कार्यालयं कुणासाठी थांबत नाहीत.

शपथ मी मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत लिहून ठेवलीय. ओर्किझोमे ना फिलात्तो पिस्ती स्तिन पात्रिदा. मायभूमीशी निष्ठा राखीन. पुढचं घटना, कायदे, कर्तव्य ते सगळं मी न अडखळता म्हणतो आणि मनापासून म्हणतो, कारण ते मी सतरा वर्षं पाळतोच आहे. पात्रिदाशी अडकतो. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला, २२ तारखेला, तेव्हा मी इथे बसून हीच ग्रीक व्याकरणाची पुस्तकं उघडून बसलो होतो आणि वाशिष्ठीचं पाणी आमच्या पहिल्या मजल्याला लागलं होतं. फोन लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी चिखलातून टेंपो घेऊन पाणी, चादरी, आईची बीपीची गोळी घेऊन जो पोचला तो हाच दादा. पुण्याहून रात्रभर गाडी चालवून. म्हणून त्याचा तो मेसेज एवढा लागला. परक्याने पळपुटा म्हटलं असतं तर मी दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

दादा, तुझ्या पोराला पाठव, मी आहे इथे. पण घर घेऊन नको, शिकायला पाठव, आणि आधी त्याला सांग की सात वर्षं म्हणजे सात वर्षं.

काल आईला फोन केला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. तारीख मिळालीय पुढच्या महिन्यात, मी जाणार आहे. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, रेशनकार्डावर नाव आहे तुझं अजून, ते काढायला लागेल काय रे?

मी म्हटलं हो, कायद्याने लागेल.

म्हणाली, बरं. तू ये मग, तू आल्यावर जाऊ दोघं.