‘बिल भरू नका, अपील करा’: हा सल्ला मानू नका

एप्रिल उजाडला, मिळकतकराची बिलं आली, की सोसायट्यांच्या ग्रुपवर हा निरोप पुन्हा फिरू लागतो: “वाढीव कर भरू नका. भरला म्हणजे तो तुम्ही कबूल केला. थेट कोर्टात अपील करा, निकाल लागेपर्यंत महापालिका काही करू शकत नाही. मुदतीची चिंता नको.”

आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं यावर विश्वास ठेवला आणि दोन वर्षं बिल भरलं नाही. त्यांची तक्रार मुळात खरी होती. उघडी गच्ची राहत्या खोलीच्या दरानं धरली गेली होती. म्हणूनच या निरोपाचा मला राग येतो. ज्यांची बाजू खरी असते, त्यांचंच तो जास्त नुकसान करतो.

“भरला म्हणजे कबूल केला” हे साफ चुकीचं आहे. पुणे, नाशिक, ठाणे अशा शहरांना 1949चा महापालिका अधिनियम लागू आहे. त्याचं कलम 406 सांगतं, की बिल हातात पडल्यानंतर अपील करायचं तर मागणीची रक्कम आधी जमा केलेली असली पाहिजे. म्हणजे पैसे भरणं ही अपिलाची अट आहे, माघार नव्हे. ही अट अन्यायाची आहे, असा वाद अहमदाबादच्या अनंत मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला (तिथेही तेव्हा हाच कायदा होता). 1975 साली न्यायालयानं अट कायम ठेवली. अपिलाचा हक्क कायद्यानं दिलेला आहे, तेव्हा त्याला अटीही कायदा घालू शकतो, असं ते म्हणालं. मलाही ही अट सामान्य माणसाला जड वाटते, पण ती आहे. म्हणून रक्कम भरा आणि सोबत “हरकत कायम ठेवून भरणा करीत आहे” असं पत्र देऊन त्याची पोच घ्या. निकाल बाजूनं लागला, तर जादा रक्कम परत मागता येते किंवा पुढच्या बिलात वळती करून घेता येते. न भरलेल्या रकमेवर मात्र दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. दोन वर्षांचे 48 टक्के झाले.

“थेट कोर्टात जा” हेही तसंच. करपात्र मूल्याविरुद्ध (घराचं वर्षाचं भाडं धरून, त्यातून वजावट करून उरलेला, कर ज्यावर बसतो तो आकडा) अपील करायचं, तर आधी आयुक्तांकडे लेखी हरकत घेतलेली आणि तिचा निकाल लागलेला असावा लागतो. पहिल्यांदा आकारणी झाली किंवा मूल्य वाढवलं, तर विशेष नोटीस येते. हरकत नोंदवायची ती त्या नोटिशीतल्या मुदतीत. त्यानंतर सुनावणी होते आणि मग आदेश निघतो. आदेशानंतर अपिलाची मुदत दिवसांत मोजतात, महिन्यांत नाही. पुण्यात हे अपील लघुवाद न्यायालयात चालतं.

हरकतीत काय लिहायचं, यावर निरोप गप्प आहे आणि लोक “कर फार आहे, परवडत नाही” एवढंच लिहून येतात. कराचे दर महापालिकेची सर्वसाधारण सभा 20 फेब्रुवारीच्या आत ठरवते. सुनावणी घेणारा अधिकारी ते बदलू शकत नाही. नोंदीतली चूक मात्र तो दुरुस्त करू शकतो. समजा, घर 60 चौरस मीटरचं आहे आणि महिन्याचा भाडेदर चौरस मीटरला 20 रुपये आहे. वर्षाचे 14,400 झाले, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून 12,960 उरले. नोंदीत 72 चौरस मीटर पडले असतील, तर हाच आकडा 15,552 होतो आणि दरवर्षीचा कर त्याच्यावरच बसतो. म्हणून आकारणीचा उतारा काढा. क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, कर कधीपासून लावला, हे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राशी ताडून पाहा.

काही वेळा अपिलाची गरजच नसते. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराची 40 टक्के सवलत 2023मध्ये पुन्हा लागू झाली. बिलात ती दिसत नसेल, तर त्यासाठी पीटी-3 अर्ज असतो.

“हरकत घेतली की मुद्दाम कर वाढवतात” अशीही भीती घातली जाते. वाढीव बांधकाम बेकायदा असेल, तर ते मोजणीत दिसेल आणि शास्तीही लागू शकेल, हे खरं आहे. कागद सरळ असतील, तर घाबरायचं कारण नाही.

त्या शिक्षिका अखेर मंजूर नकाशा घेऊन सुनावणीला गेल्या. गच्चीची नोंद दुरुस्त झाली. शास्ती त्या अजून हप्त्यांनी फेडताहेत.