गाडीतलं सामान बांधा रे, हात जोडून सांगतोय

डोकं फिरलंय आज, म्हणून लिहितोय. पंधरा-वीस लाखांची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी ऑफ-रोडची गाडी घेता, टायरवर लाखभर घालवता, सस्पेन्शन दोन इंच उचलता, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), वर लाइटबार, आणि मागचं दार उघडलं की काय दिसतं? चार प्लास्टिकच्या पेट्या एकावर एक, त्यावर शेगडी, बाजूला पाण्याचा वीस लिटरचा जार, गाडी उचलायचा तेरा किलोचा हाय-लिफ्ट जॅक नुसता आडवा टाकलेला आणि या सगळ्यावरून एक बंजी रोप ताणलेली. विचारलं तर म्हणतात बांधलंय ना! कुठे बांधलंय? बंजी म्हणजे रबर आहे, ओढलं की ताणतं आणि सोडलं की परत येतं, ब्रेक मारल्यावर पेटी पुढे जाणार म्हणजे जाणारच, वर तो लोखंडी हूक सुटला तर सरळ डोळ्यात. दोन ब्लँकेट आणि उशा जाग्यावर ठेवायला बंजी ठीक आहे, जॅकला नाही!

आणि काही सांगायला गेलं की ठरलेलं उत्तर, अरे काही होत नाही, आपण कुठे शंभरने चाललोय. हे वाक्य ऐकलं की माझी सटकते. पन्नासचा स्पीड धरा, फक्त पन्नास. त्या स्पीडला वीस किलोच्या पेटीत जेवढी ताकद असते तेवढी ती दहा मीटरवरून खाली पडली तर असते, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. गाडी झाडाला लागून थांबली की गाडी थांबते, पेटी थांबत नाही, ती त्याच स्पीडने पुढच्या माणसाच्या मानेवर येते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात झाला तेव्हा मागच्या सीटवरसुद्धा बेल्ट लावायचा हे देशभर बोललं गेलं, चार दिवस सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मग माणसाला जो नियम तोच वीस किलोच्या जारला नाही का? तो काय हवेत तरंगतो?

घाटात तर अपघात व्हायचीही गरज नाही. तीस अंशाच्या उतारावर गाडी नाक खाली करून उभी असली ना, की पेटीचं अर्धं वजन आपोआप पुढे ओढत असतं, ब्रेक न मारताच. खाली गुळगुळीत मॅट, त्यावर चिखलाचं पाणी, काय धरून ठेवणार ते सामान? मागच्या पावसाळ्यात वरंध घाटाच्या बाजूला एका कच्च्या उतारावर पुढच्या गाडीतनं स्टीलची बाटली सीटखालून घरंगळत थेट ड्रायव्हरच्या पायाशी आली, ब्रेक पेडलच्या मागे. बाटली! हँडब्रेक ओढला म्हणून वाचले, आत दोन लहान पोरं होती. आणि संध्याकाळी चहा पिताना तोच किस्सा हसत हसत सांगत होते, मला तो चहा गेला नाही.

यातला सगळा दोष लोकांचा आहे असंही नाही. कंपन्यांचा मला जास्त राग आहे. ऑफ-रोडची गाडी म्हणून विकता, जाहिरातीत ती नदीतून आणि दगडांवरून नेता, टेंट लावून शेकोटी दाखवता, मग तो टेंट आणि ती शेगडी गाडीत ज्याला बांधायची ते पण द्या की. मागे बघावं तर प्लास्टिकचा एक हूक, त्यावर लिहिलेलं असतं कमाल ३ किलो. तीन किलो! भाजीच्या पिशवीसाठी आहे तो. आपल्याकडे मार्केट यार्डात कांदे आणणाऱ्या साध्या पिकअपला दोन्ही बाजूंनी दोर बांधायला लोखंडी हूक असतात, आणि ह्या महागड्या गाडीच्या फ्लोअरला चेसिसपर्यंत, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, घट्ट बसवलेल्या चार कड्या देता येत नाहीत? काय खर्च आहे हो त्याचा? टचस्क्रीन दहा इंचाची देता, कडी देत नाही.

मग आपण जातो अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात, आणि तिथे तर लुटालूट आहे. शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानात फ्लोअरला कड्या बसवायला सांगितल्या, नट-बोल्ट आरपार जाऊ दे आणि खालून लोखंडी पट्टी टाक असं अगदी समोर उभं राहून सांगितलं, गाडी हातात आली तर त्यांनी पत्र्यात नुसते सेल्फ-टॅपिंग स्क्रू (खालून नट न लावता पत्र्यात पिळायचे) मारले होते. तो पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, त्यात स्क्रूचे दोन आटे पण धरत नाहीत, हाताने झटका दिला तर एक कडी उपटून आली! वर मलाच ऐकवतात की साहेब सगळे असंच करून घेतात, कोणाची कंप्लेंट नाही. कंप्लेंट कशी येईल, ज्याच्या डोक्यात पेटी बसेल तो येणार आहे का बिल घेऊन?

आणि ड्रिल मारताना खाली काय आहे ते वाकून कोणी बघत नाही. खालून डिझेलची टाकी असू शकते, ब्रेकची लाईन जाते, वायरिंग जातं. छताच्या कडेला, खांबांच्या वरच्या टोकाशी कर्टन एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असते तिथे पण हे लोक बिनधास्त स्क्रू घुसवतात, कारण तिथे हूक दिसायला छान दिसतो. अरे दिसायला काय करायचंय!

साधं काम आहे हो. ८.८ ग्रेडचा, म्हणजे मजबूत स्टीलचा एम-एट (आठ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट, आरपार, खाली जाड पट्टी, भोकाच्या कडेला रंग आणि सीलंट, नाहीतर कोकणातल्या पावसात दोन वर्षांत गंज. पट्टा पॉलिएस्टरचा घ्या, तो फार ताणत नाही. खऱ्या पट्ट्याला निळं लेबल असतं आणि त्यावर किती लोड झेपतो ते छापलेलं असतं, लेबल नसेल तर तो पट्टा घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त मिळो. प्लास्टिकच्या पेटीवर रॅचेट (दांडा मागेपुढे करून आवळायचा पट्टा) आवळत बसू नका, झाकण तडकतं, हाताने ओढून आवळायचा कॅम बकलचा पट्टा पुरतो. पेटीच्या हँडलमधून पट्टा ओवणं हे तर बांधणंच नाही, हँडल निघून हातात येतं, पट्टा पेटीवरून गेला पाहिजे. जड सामान खाली आणि सीटच्या पाठीला चिकटवून. आणि पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून परत एकदा आवळा, कच्च्या रस्त्यावर सगळं बसतं आणि पट्टे ढिले पडतात.

एक गोष्ट तर कोणाच्या लक्षातच येत नाही. मागची सीट पाडून फ्लॅट केली की तुमच्या आणि सामानाच्या मध्ये काहीच उरत नाही. युरोपच्या नियमात मागच्या सीटच्या पाठीची टेस्ट असते, अठरा अठरा किलोचे दोन ठोकळे ताशी पन्नासच्या धक्क्याने त्या पाठीवर आदळवतात, म्हणजे ती पाठ तुमची भिंत आहे. तीच पाडता आणि पुढच्या सीटच्या डोक्याच्या वरपर्यंत पेट्या रचता! ऑस्ट्रेलियात लोक मध्ये लोखंडी जाळी बसवतात, त्याचं वेगळं स्टँडर्ड आहे तिकडे, आपल्याकडे जाळी मागितली की दुकानदार विचारतो कुत्रा आहे का साहेब.

मला खरंच वाईट याचं वाटतं की हे ज्ञान आपल्याकडे नाही असं नाहीये. हायवेवरच्या कुठल्याही ट्रकच्या क्लीनरला विचारा, ताडपत्री टाकून दोर कसा फिरवायचा, कुठे आवळायचा, ढाब्यावर उतरल्यावर पहिलं काय तपासायचं, तो झोपेत सांगेल. शाळा सोडलेलं पोरगं असतं ते. आणि आपण शिकलेले, हातात एवढे पैसे, इंटरनेटवर रात्र रात्र टायरचे रिव्ह्यू बघणारे, आपल्याला एक पट्टा नीट बांधता येत नाही आणि जो बांधतो त्याला घाबरट म्हणायचं. म्हणा. जूनमध्ये परत आमच्या ग्रुपमधले सगळे निघतील ताम्हिणीकडे, मी निघायच्या आधी प्रत्येक गाडीचं मागचं दार उघडून बघणार आहे, आणि ज्या गाडीत जॅक मोकळा दिसेल तिच्यात माझ्या घरचं कोणी बसणार नाही, मग कोणाला राग येवो नाहीतर ग्रुपमधून काढो.