गैरहजर म्हणजे शून्य नव्हे

आज पुन्हा मुलांचे गुण भरायची तीच एक्सेल शीट आली. ग्रुपवर सूचना : "एकही रकाना रिकामा ठेवू नये. विद्यार्थी गैरहजर असल्यास 0 भरावे." दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

गेल्या जानेवारीत आठवीची चाचणी झाली. पट 31. त्यातली सहा मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. बीड जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पेपर दिला 25 जणांनी, बेरीज 1550, म्हणजे सरासरी 62. सूचनेप्रमाणे मी सहा शून्यं भरली आणि सरासरी आली 50. बैठकीत पडद्यावर आमच्या वर्गाची ओळ लाल. सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, काय शिकवता वर्षभर?" मी गप्प बसले. दहावीला मध्य, मध्यक, बहुलक शिकवणारी मी! गृहीतमध्य पद्धत झोपेतून उठवून विचारली तरी सांगेन. पण त्या शीटमध्ये आकडा कुठून येतो हेच मला माहीत नव्हतं. वेतनवाढीसाठी एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स केलेला, तरी कॅल्क्युलेटरवर सरासरी काढून चौकोनात टाईप करत होते.

मग मे महिन्यात आमच्या क्लार्कभाऊंकडे बसून शिकले. "मॅडम, आधी बरोबरचं चिन्ह टाका," इथपासून. पहिल्याच दिवशी कळलं की अ‍ॅव्हरेजचं सूत्र रिकामा चौकोन सोडून देतं. 'गै.' लिहिलं तरी सोडून देतं. शून्य मात्र मोजतं. म्हणजे एक्सेलला जे कळतं ते सूचना काढणाऱ्यांना कळत नाही? की कळून घ्यायचंच नाही? आपण काय माहिती भरणारे मजूर आहोत का?

त्यांनाही वरून तगादा असतो, मान्य.

पण शिकल्याचा खरा फायदा वेगळाच झाला. 62 वर मी खूश होते. मीडियन, म्हणजे मध्यक (गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), काढला तर 55. म्हणजे वरच्या काही मुलांनी सरासरी ओढून नेली होती आणि निम्मा वर्ग 55 किंवा त्याच्या खालीच होता. काउंटइफ या मोजणीच्या सूत्राने 35 च्या आतले मोजले, चार निघाले. ती चारही मुलं मागच्या बाकावर शांत बसायची. वर्षभर समोर होती आणि मला दिसली नव्हती. बीएडला प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती विखुरलेत ते, हाताने काढायला अख्खी दुपार गेली होती. इथे एका ओळीत येतं. (आपल्याकडे पूर्ण वर्गाचे गुण असतात, नमुन्याचे नाही. म्हणून त्यासाठी एसटीडीईव्ह डॉट पी हे सूत्र वापरा, डॉट एस नव्हे.) सूत्र घालून मुलं हुशार होत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको. पण कुणाजवळ जाऊन बसायचं ते तरी कळतं.

आणि ते सहा जण. त्यांतल्या एकीने गेल्या वर्षी फडावरून वडिलांच्या मोबाईलवरून फोन केला होता. मागे कोयत्यांचा आवाज. "मॅडम, मला शून्य पडलं म्हणतात पोरी. मी तर पेपरच दिला नाही." मला उत्तर सुचलं नाही. नंतर बोलू म्हणाले आणि फोन ठेवला. हुशार मुलगी आहे हो. अपूर्णांक तिला एकदाच सांगावे लागतात.

तोच वर्ग आता माझ्याकडे नववीत आहे. ती यंदाही गेलीय. जाताना भूमितीची वही बरोबर नेलीय, दोन प्रकरणांवर खुणा करून दिल्यात मी. मघाशी शीटमध्ये तिच्या नावापुढे 'गै.' लिहिलं. बाकी गेलेल्यांच्या नावापुढेही तेच. शीट परत आली तर पुन्हा तेच लिहीन. आणि उद्या त्या फडावरच्या नंबरला फोन लावणार आहे, गेल्या वर्षीचं उत्तर द्यायचं राहिलंय.